जाऊबाईंनी केलेली चौकशी

पेणजवळच्या जोह्यात कुणाच्या मुलीला स्थळ आलं की चौकशीला वैशालीला धाडतात. मुलगा पितो का, सासू कशी बोलते, घराची वाटणी व्हायची आहे का, सगळं ती अर्ध्या दिवसात काढून आणते. माणसातली खोट तिला पटकन सापडते, कारण दुसऱ्याचं बरं झालेलं तिला मुळात बघवतच नाही. पण चौकशीत ती आजवर कधी खोटं बोललेली नाही. गावात तिला मान आहे तो तेवढ्यासाठीच.

धाकटी जाऊ नमिता घरात आली तेव्हापासून तर वैशालीच्या पोटात कायमच दुखत होतं. घरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी वैशालीची. तिच्या हातच्या मूर्ती गिऱ्हाइकं आठवणीने मागून घेत. नमिताला धड ब्रश धरता येत नव्हता. तिने काय केलं, तर शाडूच्या बिनरंगी छोट्या मूर्ती आणि रंगांच्या डब्या खोक्यात भरून मोबाईलवरून मुंबई-पुण्याला विकायला काढल्या. मुलांनी घरीच रंगवायच्या म्हणे. आणि चाललं की ते! पेपरात फोटो आला तोही नमिताचाच. आता तर धंद्यात पैसे घालायला दोन पार्ट्या तयार झाल्या होत्या. हे जुळलं तर कारखाना नमिताचा होणार आणि आपण उरणार नमिताची जाऊ, या विचाराने वैशालीला घास गोड लागेना.

आणि नमिता तिच्याचकडे आली.

"ताई, चौकशीला जाल काय? पैसे दोघंबी देतात. पन एकदा घेतले की कितीतरी वर्षं त्या मानसासंगं संसारच हाय. आधी ज्यांना त्यांनी पैसे दिले, त्यांना विचारून या. बुडालेल्यांना तर आधी विचारा."

वैशालीने कपाळाला आठ्या घातल्या, पण मनातून ती केव्हाच निघाली होती. दोन्ही स्थळं मोडायची संधी आपल्या पायांनी चालून आली होती.

पहिली पार्टी पुण्याची, मोठ्या गाडीवाली. त्या साहेबाने पेणच्या काळुरामच्या पापडांत पैसे घातले होते. काळुराम स्वतःच्याच दुकानात नोकरासारखा बसला होता. दर महिन्याला विक्री चढलीच पाहिजे असा साहेबाचा हट्ट. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत हे त्याला कधी पटलंच नाही. शेवटी पापड बाहेरून आणायची वेळ आली आणि जुनी गिऱ्हाइकं तुटली. वैशालीने घरी येऊन हे सगळं तिखटमीठ न लावता सांगितलं. लावायची गरजच नव्हती. "आपला गनपती तर वर्षातून येकदाच खपतो गो," ती म्हणाली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

दुसरी पार्टी ठाण्याच्या कर्णिकबाई. त्यांनी रोह्याच्या हैबतरावांना सोललेल्या कडव्या वालांच्या धंद्यासाठी पैसे दिले होते आणि तो धंदा बंद पडला होता. बुडालेला माणूस म्हणजे शिव्यांची लाखोली ऐकायला मिळणार, म्हणून वैशाली खुशीतच एसटीत बसली.

हैबतरावांनी एक शिवी दिली नाही. "चूक माझी व्हती. घाईत माल जास्ती भरला, किडला. बाई येऊन बसल्या, मशिनी विकून दिल्या, बायांची मजुरी आधी चुकती करायला लावली. मागनं त्यांच्या हाती त्यांचे पैसे फार थोडे आले. अजून फोन करतात."

वैशालीने त्यांच्या बायकोला गाठलं. ती म्हणाली, बाई जेवून स्वतःचं ताट उचलायला लागल्या. शेजारणीला विचारलं, वाल सोलणाऱ्या दोघींना शोधून काढलं. कुठे म्हणून एक डाग मिळेना. ताट उचलणारी पैसेवाली बाई! तीसुद्धा नमिताच्याच वाट्याला यावी?

परतीच्या एसटीत तिने एक खोटं रचलं. बाई वरून गोड, आतून हिशोबी; हैबतराव घाबरून बोलत नाहीत. चांगलं जमलं होतं. पण पेण येईपर्यंत तिच्या लक्षात आलं, की हे उद्या उघडं पडलं तर पुन्हा कुणी तिला स्थळाला धाडणार नाही. मग तिच्याकडे राहणार तरी काय?

"काय नाय गो," घरी आल्यावर ती चिडूनच म्हणाली. "चांगली हाय ती बाई. लय शोधलं, काय सापडलं नाय."

नमिता शाडूने भरलेले हात धूत होती. "मग ठरलं. कर्णिकबाईंना आजच व्हय म्हनून कळवते."

"माझ्या येकटीच्या बोलन्यावर?"

"ताई, माझं बिनसावं असं तुमच्यायेवढं कोनाला वाटत नाय," नमिता अगदी सरळ म्हणाली. "तुम्हाला खोट सापडली नाय, म्हंजे ती नायच."

वैशालीला धड रागही येईना. तिने चटकन आखणीचा ब्रश हातात घेतला, मूर्ती पुढ्यात ओढली. इतकी वर्षं जळफळाट तेवढा तिचा एकटीचा होता. नमिताने तोही धंद्याला लावला होता.