बाटलीभर नदी घेऊन भोपाळला

भोपाळला तलाव पाहायला जाणाऱ्यांनो, जरूर जा. मी गेलो होतो तो नदीसाठी भांडायला.

राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती. आमचं नागपूरकडचं गाव मुंबई राज्यात गेलं आणि नदीच्या वरच्या अंगाचा कागद कारखाना मध्य प्रदेशात राहिला. त्याची सगळी घाण नदीत. धुणं धुऊन आईच्या हातांना फोड आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सरबताच्या बाटलीत ते काळं पाणी भरलं आणि थेट इटारसीमार्गे भोपाळ गाठलं.

थर्ड क्लासमध्ये बाटली मांडीवर धरून बसलो होतो. स्टेशनबाहेर शेव घातलेले गरम पोहे खाल्ले. भोपाळचं आवडलं ते तेवढंच. टांग्याने टी. टी. नगरच्या सरकारी वसाहतीत गेलो. नागपूरच्या कचेऱ्यांबरोबर माझा चुलतभाऊ वसंतदादाही तिथे बदलून आला होता.

दुसऱ्या दिवशी दादाने मला आपल्या कचेरीतल्या साहेबांपुढे उभं केलं. मी बूच काढलं, तसा साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

“आपका गाँव तो अब बम्बई में है. बम्बई को लिखिए.”

“पर कारख़ाना तो आपका है, साहब!”

“तो बम्बई हमें लिखेगी. फिर देखेंगे.”

“नदी को किसी ने बताया नहीं कि सरहद बन गई,” मी म्हणालो. साहेबांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

दादा नोकरी सांभाळून वकिलीचा अभ्यास करायचा. बाहेर आल्यावर म्हणाला, “परदेशात एका कारखान्याच्या धुराने शेजारच्या देशातली पिकं जळली. दोन्ही देशांनी मिळून पंच नेमले. भरपाई द्यावी लागली, धूरही आवरावा लागला.”

“मग आपणही दोन देशच व्हायला हवं होतं!”

“हळू बोल रे बाबा. मला इथे नोकरी करायची आहे.”

हळू कशाला बोलू? इंग्रज गेले, नवे नकाशे आले, पण आईच्या हातांचे फोड कोणत्या राज्यात मोडतात ते कुणी सांगेना. तलाव पाहायचा राहिला तो राहिलाच.

दादाच्या घरून निघताना वहिनीने बाटली हातात ठेवली. राखेने घासून लख्ख केलेली, आत माठातलं पाणी. “प्रवासात लागेल, भाऊजी. काय घाण भरली होती हो हिच्यात!” तिला काय बोलणार, कप्पाळ!

ते पाणी मी प्यायलो नाही. घरी आलो तर आई दारातच उभी. तिने बाटली उन्हात धरून पाहिली आणि हसली.

“नदी अशी झाली का रे?”

“नाही गं. हे भोपाळचं आहे.”

तिने बूच काढून पाणी हातांवर ओतून घेतलं. “बरं वाटतंय,” म्हणाली. मग धुण्याची बादली उचलून नदीकडे निघाली.