पुरावा तोच, निकाल दोन

"निर्दोष लिहिलंय ना? मग झालं," मी म्हणालो. तायडे गुरुजींनी माझ्या टेबलावरचा प्रिंटआउट दोन्ही हातांनी उचलला. इंग्रजी त्यांना येत होतं, तरी त्यांनी मलाच पुन्हा वाचायला लावलं.

गुरुजी वडनेर भोलजीचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांचा अमोल मालवाहू जहाजावर ऑइलर होता. ऑइलर म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा. कंटेनरमध्ये काय भरलंय, हे त्याला कोणी सांगत नाही. एका छोट्या बेटाच्या देशात त्या जहाजावर बंदुका सापडल्या आणि कप्तानासकट सगळे आत गेले. मी मलकापूरचा फौजदारी वकील. परदेशातल्या कोर्टात मला कोण विचारतो? पण तिथल्या वकीलबाईंचे मेल समजावून सांगायला गुरुजींना कोणीतरी हवं होतं.

तिथल्या कोर्टानं खलाशांना सोडलं. निकाल स्वच्छ होता, एकेका साक्षीदाराचं म्हणणं तोलून लिहिलेला. असा निकाल आमच्याकडेही क्वचितच वाचायला मिळतो.

"वकीलसाहेब, प्रज्ञाच्या लग्नाची तारीख धरू का? भाऊ आल्याबिगर लग्नाले उभी राहत नाही म्हनते पोरगी."

"धरा. ऑर्डर झाली, म्हणजे पोरगा घरी आला समजा."

हे वाक्य मी पक्षकारांना आयुष्यभर ऐकवत आलोय. आमच्याकडे ऑर्डर जेलमध्ये पोचली की माणूस बहुधा संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर असतो. गुरुजींनी पत्रिका छापून घेतल्या. निमंत्रकांत अमोलचं नाव होतं.

चार दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. दोन बड्या देशांच्या सरकारांनी निकालावर पत्रक काढलं होतं. निर्णय निराशाजनक आहे, बेटाच्या सरकारनं योग्य ती पावलं उचलावीत, वगैरे. सरकारनं लगेच अपील केलं आणि सुटकेवर स्टे, म्हणजे तात्पुरती स्थगिती, मिळवली.

"पत्रकात कायद्याची कोणती चूक दाखवलीय?" मी विचारलं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "पण आमचा गहू आणि औषधं त्यांच्याकडूनच येतात."

माझं डोकं फिरलं. ज्या न्यायाधीशानं इमानानं काम केलं, त्यालाच हे लोक सगळ्या जगासमोर झापत होते. पण माझं डोकं फिरून उपयोग काय?

गुरुजींना मी ऑफिसात बोलावून सगळं सांगितलं.

"म्हंजे निकाल बरोबर हाय, पन मोठ्याइले पटला नाही. असंच ना?"

"असंच."

"मंग आपलं सरकार काऊन बोलत नाही? आपन बी त मोठेच आहो."

आम्ही निवेदनं पाठवली. उत्तर आलं, की दुसऱ्या देशाच्या न्यायालयीन कामात आपण हस्तक्षेप करत नाही. उत्तर नियमाला धरून होतं, तीच तर पंचाईत.

मुलाकडचे सुलतानपूरचे. त्यांनी एकदा तारीख पुढे ढकलली, दुसऱ्यांदा नाही म्हणाले. गुरुजींनीच प्रज्ञाची समजूत घातली. लग्नात पाहुणे अमोलला शोधत होते आणि गुरुजी प्रत्येकाला "रस्त्यात हाय" म्हणून सांगत होते. मी जेवलो नाही. माझ्याच शब्दावर छापलेली, वर नवी तारीख चिकटवलेली पत्रिका लोकांच्या हातात होती.

अपिलाचा निकाल दिवाळीनंतर आला. साक्षीदार तेच, जबाब तेच. अमोलला नऊ वर्षं.

"नवीन पुरावा काय आला?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही."

"पह्यले जे साहेब होते, त्यायनं बराबर पाह्यलं होतं ना पन?"

"बरोबर पाहिलं होतं, गुरुजी."

त्यांनी मान हलवली. पोराला दोषी ठरवणारा कागद समोर होता, आणि त्यांना एवढंच ऐकायचं होतं.

अमोल अजून तिथेच आहे. मी आता पक्षकाराला ऑर्डर झाली, एवढंच सांगतो. सुटला की नाही, ते माणूस दारात उभा राहिल्यावर घरच्यांनी ठरवावं.