गाद्यांवरून झालेलं भांडण

समोरच्या इमारतीखाली पिंजारी कुणाची तरी जुनी गादी उसवत होता. कुबट कापसाचा तो वास वर आला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापलं.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला माहेरी होते. बाबा शाळेतून निवृत्त झाले होते. अमरावतीचा दादा आईबाबांना आपल्याकडे न्यायचं म्हणून आला आणि आल्याआल्या मागची खोली उपसायला लागला. पिवळ्या पडलेल्या गाद्या, गंजलेले डबे, काचा फुटलेले कंदील अंगणात येऊन पडले. धूळ नाकातोंडात जात होती.

"कचऱ्यात राहून राहिले तुमी," तो म्हणाला.

त्यानं कबाडीला बोलावलं. गाडीवर गाद्या चढवता चढवता कबाडी सहज बोलला, "माय, घर खाली होऊन राहिलं म्हणे. घरमालकानं सांगतलं."

आई दादाकडे वळली. "घर सोडलं? मले इचारलं काय?"

"इचारलं असतं तर तू हो म्हणली असती?"

आई आत गेली. दादाची नवी चामडी बॅग तिनं आणली आणि गाडीवर ठेवली. "हेबी घेऊन जाय, भाऊ. याचं काम नाही या घरात."

दादानं बॅग ओढून घेतली आणि वाढलेलं ताट सोडून स्टँडवर गेला. आईनं हाक मारली नाही. बाबांनी त्याच दिवशी मालकाला गाठून घर ठेवून घेतलं.

गाद्यांवरून एवढं कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. हल्ली माझा मुलगा माझी कपाटं उघडून "हे सगळं लागतं का तुला?" म्हणतो.  त्यानं कुणाशी काय ठरवलंय, ते आधी विचारते.