बांगड्यांच्या पैशांचा कॉम्प्युटर

भिवंडीच्या गोदामात लागले तेव्हा पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं बजावलं होतं, "सील तोडायचं नाही. तुटलेलं दिसलं तर बोंब मारायची, पण हात लावायचा नाही." हे इतकं अंगवळणी पडलं, की घरी बिस्किटाचा पुडा फोडतानाही मी आधी चारी बाजूंनी बघते. वर्षानुवर्षं मी खोकी स्कॅन केली, उचलली, रॅकवर लावली. कुठलं जड, कुठलं उभंच ठेवायचं, सगळं तोंडपाठ. आत काय असतं, ते मात्र विचारू नका.

एकदा कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक जण सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडत होता. त्याच्या टेबलावरचं पहिलंच खोकं मी ओळखलं. रोज माझ्या हातून जाणारं, तेच हिरव्या पट्ट्याचं. त्यानं खुशाल ब्लेड घातलं आणि फोडलं! आतून तीन पंख्यांची, विटेपेक्षा मोठी, काळीभोर वस्तू निघाली. सगळं जोडून झाल्यावर त्यानं गेम लावला, आणि एक बाई घोड्यावर बसून बर्फाच्या डोंगराकडे निघाली. घोड्याच्या नाकातून वाफ येत होती. माझा स्टॉप मागे गेला, तरी मला पत्ता नाही.

घरी, दिघाशीला, आई आणि मी दोघीच. पगार मी आईच्या हातात देते. त्यातून आणि गवत विकून येणाऱ्या पैशांतून ती माझ्या सोन्याच्या बांगड्यांसाठी बाजूला टाकत होती. लग्न ठरो न ठरो, मुलीच्या बांगड्या तयार पाहिजेत, असा तिचा हिशेब. मी सांगितलं, बांगड्या राहू देत, मला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचाय. त्यावर ती बरेच दिवस फुगून बसली. मग एका सकाळी भाकरी थापताना म्हणाली, "सोताच्या हातानं जोडशील?"

"हो."

"आन् न्हाय चालला तर?"

मी पिठाचा डबा तिच्याकडे सरकवला.

"मग चालव म्हंजे झालं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पैसे मिळाले. पण आत्यानं फोनवर विचारलं तेव्हा आईनं बांगड्या सोनाराकडे टाकल्यात असं ठोकून दिलं, आणि आत्या गणपतीला येणार होती. फोडलेला माल सहजासहजी परत जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? कॉम्प्युटर चालला नाही तर बांगड्याही गेल्या आणि आईही नणंदेपुढे खोटी पडली, असं दुहेरी संकट मी हौसेनं ओढवून घेतलं होतं.

पार्सलं आली. त्यातलं एक भिवंडीहून निघून कुठं कुठं हिंडून आमच्या जवळच्या अंबाडीला आलं होतं. मीच घेऊन आले असते! सुट्टीच्या दिवशी ओटीवर चादर अंथरून बसले आणि पहिल्या सीलवर सुरी टेकवली, तर हात चालेना. उगाच मागे वळून पाहिलं. सुपरवायझर काही दिघाशीला येणार नव्हता. कापलं एकदाचं.

आतलं बघून मी खरोखर थक्क झाले. मदरबोर्डवर केसाहून बारीक रेघा, शेकड्यांनी, आणि एकही दुसरीला धडकत नव्हती. प्रोसेसर तर बिस्किटाएवढाच. तो उलटा केला तर खालून सोनेरी ठिपकेच ठिपके, रांगोळीला काढतात तसे. इतकी वर्षं मी हे उचलत होते आणि मला कुणी एकदा दाखवलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

आई वाकून बघत होती. "सोनं हाय का ह्ये?"

"हो. मुलामा आहे."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिथंच बसली.

दिवसभर मी जोडत होते. प्रोसेसर बसवला, त्यावर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, वर गार ठेवणारा कूलर दाबून बसवला. कूलरच्या बुडाला पारदर्शक फिल्म होती. ती मी पाहिली. पण नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायचं, ही आमच्या घरची रीतच नाही. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत, फ्रिजच्या दारावरचा कागद तसाच. आणि मी तर गोदामातली. राहू दे, ओरखडा पडणार नाही, म्हटलं.

आईनं हळद-कुंकू वाहिलं. मी बटण दाबलं. पंखे फिरले, कॉम्प्युटरच्या पेटीच्या काचेतून निळा उजेड आला, पडद्यावर अक्षरं उमटली. आईनं हात जोडले. आणि बघता बघता सगळं बंद! पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा नीट पाहिलं, तर पडद्यावर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा भराभरा चढत होता. जळला, म्हटलं. आईकडे बघायची हिंमत होईना.

बंद झाल्यावर कूलरला हात लावला, तर तो गारच्या गार. आत इतकं तापतंय आणि वर ऊब नाही? म्हणजे मध्ये काहीतरी अडलंय. आणि मला ती फिल्म आठवली. कूलर काढला. पेस्टीत माखलेल्या त्या फिल्मवर, काढून टाका, असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं. मी ती टरकन ओढली, पुसून नवी पेस्ट लावली, आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आकडा थोडा चढला आणि थांबला. तापल्यावर स्वतःहून बंद व्हायची अक्कल त्या प्रोसेसरला होती, म्हणून तो वाचला होता.

घोड्याचा गेम पहिल्यांदा लागला तेव्हा आई पदर तोंडाला लावून उभीच राहिली. बर्फ पडत होता. डोंगरावर ऊन आलं. "त्याच्या पल्याड काय हाय?" तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. मी घोडा तिकडे वळवला.

गणपतीला आत्या आली. चहा पिऊन झाल्याबरोबर म्हणाली, "बांगड्या आन बगू."

मी रिकामे कप उचलायला लागले. आई मात्र सरळ म्हणाली, "बांगड्या न्हाय केल्या, वन्सं. तवा मी खोटं बोलले. त्या पैशाचा ह्यो कॉम्प्युटर हाय. पोरीनं सोताच्या हातानं जोडलाय."

"आन् सोनं?" आत्याचे डोळे मोठे झाले.

"हाय की. आतमदी हाय, बाहेरून दिसत न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लाव गं तो घोडा. वन्संना डोंगराच्या पल्याड नेऊ."