चिन हॉकच्या गिअरबॉक्सात पाणी

मलेशियातल्या बुकित मर्ताजामच्या बाजारामागच्या गल्लीत खॉर चिन हॉक आयुष्यभर ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करत आला. इंजिनाला तो हात लावत नसे. "इंजिन काय, कोणीही करतं," असं ऐटीत म्हणायचा आणि लगेच पुस्ती जोडायचा, "मी सोडून." तो उंचीने बेताचा होता आणि पोट त्याच्या पुढे चाले. हा माणूस गाडीखाली शिरतो तोसुद्धा पोटाची परवानगी काढून, असं त्याची बायको स्वात बी म्हणे. तिचं हे वाक्य तो गिऱ्हाइकांना आपणहून ऐकवी.

गिऱ्हाइकांसाठी त्याचं एक प्रवचन ठरलेलं होतं. गिअरबॉक्सचं तेल निवावं म्हणून त्याची एक नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती कुजली की कूलंटचं पाणी तेलात शिरतं, आणि लालभडक तेलाचं दुधाळ गुलाबी सरबत होतं, थेट चहाच्या टपरीवर गुलाब-दुधाचं बांडुंग मिळतं तसं. त्या पाण्याने क्लचच्या चकत्यांवरचा थर सुटून येतो आणि गाडी जागच्या जागी नुसती गुरगुरत बसते.

"कूलंट कमी व्हायला लागलं की नुसतं भरत बसू नका," तो सांगे. "ते जातं कुठे ते विचारा. नवरा रोज संध्याकाळी गायब व्हायला लागला तर विचाराल ना?"

त्याच्या एकुलत्या मुलीचं, हुई येनचं, लग्न गावातल्याच कीन तातशी ठरलं. नवरीची गाडी म्हणून तिला बापाची जुनी निळी गाडीच हवी होती. शाळेत ती याच गाडीतून जायची. चिन हॉक हरखून गेला. त्याने गाडीला नवा रंग काढला, चाकं आरशासारखी घासली. रेडिएटर गळत होता, तोही बदलला. पण आणला भंगारवाल्याकडून, आणि बसवण्याआधी त्यात हवा भरून तपासायचा राहिला, कारण त्या दिवशी शिंप्याकडे सुटाचं माप द्यायचं होतं. पुढे कूलंट थोडं थोडं कमी होऊ लागलं. तो रोज सकाळी निमूट भरत राहिला. झाकण सैल असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि स्वतःला ते पटलंही. दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर त्याला खुर्चीत बसवून त्याने अख्खं प्रवचन दिलं असतं.

लग्नाच्या सकाळी नवरदेव मित्रांना घेऊन आला. नवरीच्या मैत्रिणींनी दार अडवलं, नवरदेवाकडच्या मुलांना मिरची लावलेलं कच्चं कारलं खायला घातलं, उठाबशा काढायला लावल्या, मग आत घेतलं. वडीलधाऱ्यांना चहा देऊन झाला. पंचांग पाहणाऱ्याने सांगितलं होतं, नवरीने बाराच्या आत सासरचा उंबरा ओलांडावा. शिवाय नवरी एकदा आत बसली की तिची गाडी वीतभरही मागे येता कामा नये. मागे आली तर नवरीही माघारी येते, असं समजतात.

हुई येन मागे बसली. नवरदेवाचा मित्र सेल्वम चालवायला बसला. गाडी निघताना नवरी माहेरचा राग-रुसवा मागे सोडला म्हणून खिडकीतून हातपंखा टाकते आणि मागे वळून पाहत नाही. तिने पंखा टाकला. इंजिन घोंघावलं. गाडी जागची हलली नाही, पंखा खिडकीखालीच पडून राहिला.

"अंकल," सेल्वमने डोकं बाहेर काढलं, "पुढे जात नाहीये. मागे टाकून बघू? मागचा गिअर लागेल बहुतेक."

"मागे नेलीस तर तुलाच मागे बांधीन," स्वात बी म्हणाली.

चिन हॉकने लाल फितींमधून बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवर गुलाबी फेस होता. त्याने ती पुसून पुन्हा बुडवली. पुन्हा तोच फेस. गावातल्या कितीतरी गिऱ्हाइकांकडे याच फेसावरून त्याने कीव केल्यासारखं पाहिलं होतं. आता कीव करायला समोर आरशासारखं चाक होतं, त्यात त्याचाच चेहरा दिसत होता, पोटासकट.

"कसला रंग आहे तो?" स्वात बीने विचारलं.

"लग्नाचा," तो म्हणाला.

"दुसरी गाडी आणायची का, पा?" आतून हुई येन म्हणाली. मान मात्र समोरच होती. "पण मग मला उतरावं लागेल ना?"

उतरणं म्हणजे माघारी येणंच. चिन हॉकने बॉनेट मिटलं. "सेल्वम, न्यूट्रलला टाक. बाकीचे मागे या."

"हाही खेळच का?" कारल्याने डोळे लाल झालेल्या एकाने विचारलं.

"हो," मैत्रिणी म्हणाल्या. "शेवटचा आणि सोपा."

मुलं लोटू लागली. गल्लीतून गाडी निघाली, पण कालव्यावरच्या पुलाच्या चढाला त्यांचा दम संपला. गाडी थबकली, मागे कलू लागली. मागून चालत आलेल्या चिन हॉकने नवा कोट सोबतच्या स्वात बीच्या अंगावर फेकला आणि डिकीला खांदा लावला.

"तू कुठे निघालास? नवरीच्या बापाने तिच्याबरोबर सासरी जायचं नसतं."

"मी कुठे जातोय? गाडी जातेय. मी फक्त टेकलोय."

पूल पार झाला. उतारावरही त्याने हात काढला नाही, न जाणो. काचेपलीकडे हातभर अंतरावर हुई येनच्या केसांतली फुलं हलत होती. ती वळली नाही.

सासरच्या फाटकात कीन तातची आई उभी होती. बारा वाजायचे होते. घामाने भिजलेला, बुटांची वाट लागलेला व्याही पाहून तिने कपाळाला हात लावला. "हे काय, व्याहीबुवा? नवरीच्या बापाने यायचं नसतं."

"मी बाप म्हणून नाही आलो, विहीणबाई," तो धापा टाकत म्हणाला. "मी गिअरबॉक्स म्हणून आलोय. गाडीतला मूळचा बिघडलाय."

ती हसून बाजूला झाली. गाडी पुढच्या तोंडाने आत गेली. हुई येन उतरली, उंबऱ्यापाशी पोचली, आणि मागे न पाहता म्हणाली, "पा, आता सोडा. मी पोचले."

तेव्हा कुठे चिन हॉकच्या लक्षात आलं, की गाडी केव्हाच भिंतीपाशी थांबली होती आणि तो अजून लोटतच होता.