शेषराव मास्तरांचा विलायती चाकू

अकोल्याच्या सरकारी शाळेत चित्रकला शिकवणारे शेषराव मास्तर वस्तू विकत घेत नसत, वस्तूंची परीक्षा घेत. छत्री घ्यायला गेले की दुकानदाराला ती पुन्हा पुन्हा उघडायला लावत, मग काडी पोकळ आहे असा निकाल देऊन शेजारच्या दुकानाची पायरी चढत. माळ्याच्या घरात मॅट्रिक झालेला हा पहिलाच मुलगा, म्हणून भाऊबंदांनी हा विद्येचा परिणाम समजून घेतला होता. त्यांची आई पार्बताबाई भाजीबाजारात बसायची. तिची समजूत मात्र वेगळी होती. "बाप्पा," ती एकदा म्हणाली, "तू माह्या दुकानावर गिऱ्हाईक म्हणून आला असता ना, तं मी तुले वांगं फेकून मारलं असतं."

मास्तरांना हवा होता एक घडीचा चाकू. रोज खिशात बाळगावा, पेन्सिली तासाव्यात, संत्रे सोलावे, आणि चार माणसांत काढला की चार माणसांनी विचारावे, "कुठून घेतला हो?" चाकू ठरायच्या आधीच त्यांनी शिंप्याकडून कोटाच्या आत त्यासाठी एक अरुंद खिसा शिवून घेतला होता. तो खिसा कित्येक वर्षे रिकामा होता, आणि मास्तर तो वरचेवर चाचपून पाहत.

ओमप्रकाश मारवाड्याच्या चाकू-कंदिलांच्या दुकानात त्यांची संध्याकाळ जायची. रामपुरी त्यांनी हातातही धरला नाही, कारण तो गुंड बाळगतात. एका जर्मन चाकूचे पाते मुळाशी किंचित हलत होते. ते हलणे मास्तरांखेरीज कोणाला दिसले नाही. एकाला घोड्याच्या नालातला खडा काढायचा आकडा होता. मास्तरांकडे घोडा नव्हता, पण आकडा वाकडा आहे हे त्यांनी दुकानदाराच्या ध्यानात आणून दिले. धार पाहण्यासाठी ते पाते हातावरून फिरवत, त्यामुळे त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला होता.

"मास्टरजी," ओमप्रकाश शेवटी म्हणाला, "चाकू लेना है, की उसका ब्याह करना है?"

लग्नाचेही तसेच चालले होते. मुली पाहायला मास्तर जात ते प्रश्नपत्रिका घेऊन गेल्यासारखे, आणि मुलींचे बाप दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप पाठवत. कानशिलावर पांढरे दिसू लागले तेव्हा अमरावतीचे स्थळ आले. मुलीचे नाव शकुन. आईबाप नव्हते, फुलांचा आणि संत्र्यांचा बगीचा भाऊ शालिकराम सांभाळायचा, आणि शालिकरामला सांभाळायची आत्या गंगूबाई. शकुनने पाहुण्यांसमोर संत्री आणून ठेवली, मास्तरांच्या तुळतुळीत हाताकडे पाहिले आणि हसू दाबत आत निघून गेली. मास्तर एकही प्रश्न न विचारता परतले. पार्बताबाईला वाटले, पोराला ताप आला असावा. पोराला काय झाले होते ते त्याचे त्यालाच ठाऊक. हे लग्न हुकले तर आपले काही खरे नाही, एवढे मास्तरांना उमगले होते.

आता माळी लोकांत रीत अशी, की हळद लागल्यापासून डोक्यावर अक्षता पडेपर्यंत नवरदेवाने हातात उघडे लोखंड धरायचे, टोकाला लिंबू खोचायचे, आणि जेवताना, झोपतानाही ते जवळून सोडायचे नाही. म्हणजे वाईटसाईट जवळ फिरकत नाही. साऱ्या गणगोतात मिळून एक कट्यार होती, ती तेल्हाऱ्याला उत्तमरावमामांकडे असायची. प्रत्येक लग्नात मामा ती फडक्यात गुंडाळून आणत आणि त्या दिवसापुरते मोठे माणूस होत.

"गंजकी कट्यार घेऊन मी अमरावतीत मिरवणार नाही," मास्तर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी ओमप्रकाशकडून विलायतेतल्या शेफील्डचा चाकू घेऊन आले. हरणाच्या शिंगाची मूठ, आरशासारखे पाते, आणि मिटताना असा आवाज, की जणू कोणी पैज जिंकून टिचकी वाजवली. मामांनी चाकू उलटसुलट केला.

"ज्याची घडी होते, ते कायचं लोखंड?" ते म्हणाले, आणि कट्यार न आणता नुसतेच लग्नाला आले, फुगून.

वऱ्हाड आगगाडीने निघाले. मास्तर खिडकीशी चाकू उभा धरून बसले होते. मूर्तिजापूरला एका बाईने फलाटावरूनच लिंबाचा भाव विचारला. बडनेऱ्याला गाडी बदलताना एका शिपायाने त्यांना बाजूला घेतले, तेव्हा मास्तरांनी त्याला पोलादाविषयी इतके सांगितले, की त्यानेच घाईघाईने सामान उचलून दिले. मास्तरांच्या मनाला एकच टोचणी होती. हा चाकू मिटतो, हेच त्याचे वैभव. आणि लग्न लागेपर्यंत तो मिटायचा नव्हता. कोणालाही वाटावे, साधी सुरी आहे.

गोरज मुहूर्त होता. वाजंत्री वाजत वाजत बगीच्यातल्या मांडवाच्या दाराशी आली. गंगूबाई ओवाळणीचे ताट आणायला आत गेली, आणि शालिकरामचे लक्ष नवरदेवाच्या हाताकडे गेले.

"सुरी चांगली आहे, जवाईबापू."

"सुरी?" मास्तरांचा चेहरा उतरला. "घडीचा चाकू आहे. शेफील्डचा."

"मिटते का मंग हा?"

"मिटते का!"

मागून पार्बताबाई "शेषा, अरे शेषा" करीत राहिली. मास्तरांनी लिंबू काढले, ते ठेवायला जागा दिसेना म्हणून खाली टाकले, आणि सगळ्यांना दिसेल असा हात वर करून चाकू मिटला. टक्. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. "आवाज ऐका," ते म्हणाले. "हलक्या मालाला हा आवाज येत नाही." लिंबू बगीच्यातल्या बकरीने उचलले आणि ती चालती झाली.

गंगूबाई ताट घेऊन दारात उभी होती. वाजंत्री आपोआप थांबली.

"लिंबू कुठी गेलं?"

शालिकराम बकरी गेली त्या दिशेला पाहू लागला.

"आन् पातं काहून मिटलं?"

"आत्याबाई, यात याचा खरा गुण आहे. ही जी स्प्रिंग..."

"गुण तुमच्या घरी दाखवा. मांडवाच्या तोंडाशी नवरदेवानं आपल्या हातानं लोखंड मिटलं! म्या एवढी लग्नं पायली, असा बहाद्दर नाई पायला." तिने ताट खाली ठेवले. "मामा, तुमची कट्यार असते म्हनत होते ना?"

"आहे जी," उत्तमराव समाधानाने म्हणाले. "तेल्हाऱ्याले. मले कोनी आना म्हनलं नाई."

भटजी सूर्याकडे बोट दाखवू लागले. गंगूबाईने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. घरातला गवताचा विळा आणायचा, त्याला नवे लिंबू खोचायचे, तो नवरदेवाने धरायचा. पण मिटलेले लोखंड अंगावर घेऊन तो मांडवात पाय ठेवणार नाही. ते समोरच्या विहिरीत जाईल. नाहीतर वऱ्हाडाने जेवून परतीची गाडी पकडावी.

मास्तर विहिरीकडे वळले. मग हातातल्या चाकूकडे त्यांनी पाहिले. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. आई डोळ्यांनी विनवत होती, आणि आत कुठेतरी शकुन मुंडावळ्या बांधून बसली होती. हे सगळे त्यांना दिसत होते, समजत होते. पण मूठ हाताला इतकी बरोबर बसत होती.

"विहीर," त्यांनी विचारले, "किती खोल आहे?"

आधी शालिकराम हसला, मग वाजंत्रीवाले, मग सगळा मांडव. त्या हसण्यातच घराच्या दाराआडून एक आवाज आला. नवरी मुलगी बोलली, असे त्या बगीच्यात पूर्वी कधी घडले नव्हते.

"आत्या, त्याइले म्हना, सावकाश विचार करा. मले घाई नाई."

हसणे बंद झाले. तो आवाज रागाचा नव्हता, रडवा तर नव्हताच. सौदा मोडला की ओमप्रकाश एखादा जर्मन चाकू शांतपणे परत पेटीत ठेवी, तसा होता.  मास्तर धोतर सावरत धावत सुटले, विहिरीच्या काठाशी ठेचकाळले, आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला तेव्हा निम्म्या वऱ्हाडाला वाटले, नवरदेवच गेला.

लग्न विळ्यावर लागले. विळा बोथट होता, त्याची मूठ सुतळीने बांधली होती. मास्तरांनी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

शकुनने पुढे त्यांना चाकूवरून कधी टोमणा मारला नाही. संसाराला कंदील हवा, म्हणून दोघे ओमप्रकाशकडे गेली, तेव्हा मास्तरांनी सवयीने पहिला कंदील उचलून उजेडाकडे धरला. शकुन पायरीवर उभी होती. पदर सारखा करीत ती म्हणाली, "पाहा नं, चांगलं पाहून घ्या. मले घाई नाई."

"बांधून द्या," मास्तर ओमप्रकाशला म्हणाले.

काचेला तडा होता. न पाहता घेणारे गिऱ्हाईक येईल म्हणून ओमप्रकाशने तो कंदील तीन वर्षे सांभाळून ठेवला होता.