उन्हाचं निमित्त

डॉक्टरने रोग्यापासून सत्य लपवू नये, असं मी जळगावात अनेक व्यासपीठांवरून सांगितलं आहे — गळ्यात हार असताना. हार नसताना काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी डोळ्यांचा डॉक्टर. नव्वदच्या दशकात रावेरकडच्या एका केळी बागायतदाराचा मुलगा, दिलीप, माझ्याकडे आला. वय तिशीच्या आत. बुबुळाच्या कडेला पांढरट मांस वाढलेलं. सोबत वडील, नाना. आमच्याकडे तपासायच्या खोलीत रोगी एकटा शिरत नाही, आणि उत्तरं थोरला माणूस देतो.

"त्याले काय इचारता, मले इचारा," नाना म्हणाले.

नानांना काय विचारणार होतो मी? नुकतंच वाचलं होतं — तरुण वयात असं मांस कॅन्सरचं असू शकतं आणि त्यामागे एचआयव्ही असू शकतो. त्या विषाणूने अंगातली ताकद खाल्ली की कॅन्सरला रान मोकळं. रक्त तपासू या, एवढंच म्हणायचं होतं. पण नाना आमच्या नेत्रशिबिराचे अध्यक्ष. त्यांच्यासमोर तो शब्द?

"उन्हामुळे होतं," मी म्हणालो. उन्हाचाही थोडा हात असतो, म्हणून खोटं पचलं. मांस कापलं. आणि कापलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही. कॅन्सर निघाला असता, तर पुढचं विचारावं लागलं असतं ना? फेकून दिला.

वर्षाच्या आत मांस परत वाढलं. या वेळी दिलीपची बायको, सुमन, बरोबर होती.

"डॉक्टरसाहेब, बागात ऊन तं मलेबी लागते. माह्या डोयाले काहून नाही झालं मंग?"

मी मुंबईला जा म्हणालो. कारण तेव्हाही सांगितलं नाही. तिथल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी आधी सोबत गेलेल्या नानांना बाहेर बसवलं, मग दिलीपला विचारलं. एवढंच करायचं होतं.

कॅन्सर निघाला, विषाणूही निघाला. डोळा वाचला. सुमनचं रक्त स्वच्छ आलं. तोवर ती काही न कळता त्याच्याशी संसार करत होती — मला संशय असताना. रक्त स्वच्छ आलं, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

पुढे औषधं आली. आधी महाग, मग सरकारी दवाखान्यात फुकट. दिलीप अजून माझ्याकडेच येतो, पूर्वीइतक्याच आदराने. परवाही आला होता. त्याला आता वाचायचा चष्मा लागला आहे. नंबर दीड.